तोंडचा घास पळवणारा स्कुआ : वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात समुद्रावरच्या पक्ष्यांबद्दल लिहिताना मी दोनच ओळी टाकल्या होत्या, की उत्तरेकडून येणारे काही पक्षी स्वतः मासा पकडण्यापेक्षा दुसऱ्यानं पकडलेला हिसकावून खातात. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली, की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. कोल्हापुरात समुद्र नाही, पण घाट उतरला की लगेच आहे, आणि तुमच्यातले बरेच जण तिकडं जाताना डोळे उघडे ठेवून जाताय हे पत्रांतून दिसलं, खूप बरं वाटलं.

शाहूपुरीतून एक वाचक : एप्रिलच्या शेवटी आजरा-आंबोली करत वेंगुर्ल्याला मावसभावाकडं गेलो होतो. त्याच्या ओळखीच्या ट्रॉलरवरून पहाटे समुद्रात गेलो. किनारा दिसेनासा झाल्यावर एक पिवळ्या चोचीचा पांढरा पक्षी मासा घेऊन चालला होता, त्याच्यामागं एक काळपट पक्षी लागला. दोघांनी हवेत काय गिरक्या मारल्या! शेवटी पांढऱ्यानं ओरडत ओरडत मासा सोडला आणि काळ्यानं तो पाण्यात पडायच्या आत झेलला. तांडेल म्हणाला, हे आम्ही नेहमी बघतो. फोटो जोडलाय, पण ब्लर आलाय. हा कोण? घार तर नव्हे?

दादा, घार नाही. फोटो ब्लर असला तरी त्यात एक गोष्ट एकदम क्लिअर आलीय, शेपटी. शेपटीच्या मधली दोन पिसं बाकीच्यांपेक्षा लांब आहेत आणि टोकाला रुंद होऊन पीळ दिल्यासारखी वळलीत, म्हणजे घरातली भातवाढी आडवी धरली तर दिसेल तशी. अशी शेपटी जगात एकाच पक्ष्याची, पोमराइन स्कुआची. डोक्यावर काळी टोपी, मानेला पिवळट झाक आणि पंखाच्या टोकाकडं पांढरा पट्टा चमकतो, हे तिन्ही तुमच्या फोटोत थोडं थोडं दिसतंय. तुम्ही एप्रिलमध्ये गेलात हे तुमचं नशीब, कारण तेव्हा हे पक्षी विणीच्या पूर्ण पेहरावात उत्तरेकडं परत निघालेले असतात. हिवाळ्यात किंवा लहान वयात ही भातवाढी नसते आणि मग भलेभले ओळखताना अडकतात.

ज्याचा मासा गेला तो पांढरा म्हणजे सुरय, पिवळी चोच आणि डोक्यावर विस्कटलेला काळा तुरा असलेला मोठा तुरेवाला सुरय. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जे खडक आहेत, ज्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, तिथं सुरयांची जुनी वस्ती आहे, आणि तिथल्याच गुहांत पाकोळ्या थुंकीची घरटी करतात. या घरट्यांचं सूप करून पितात, म्हणून विकायला ती माणसांनी वर्षानुवर्षं चोरून नेली, म्हणजे लूटमार त्या खडकांना नवी नाही.

स्कुआ या घराण्यात सात जाती आहेत. त्यातल्या तीन उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात वीण करतात आणि थंडीत दक्षिणेच्या समुद्रांवर उतरतात. या तिघांत पोमराइन सगळ्यात दांडगा, वजन साधारण पाऊण किलो, छाती भरलेली, उडणं संथ आणि जड. त्याच्यापेक्षा लहान आर्क्टिक स्कुआ, अर्धा किलोच्या आतबाहेर, अंगानं सडपातळ, उडताना ससाण्यासारखा वाटतो, शेपटीची मधली पिसं सरळ टोकदार. तिसरा लाँग-टेल्ड स्कुआ, वजनानं आपल्या गावकावळ्याएवढाच, पण शेपटीची रिबन लांबच लांब. आपल्या अरबी समुद्रावर येणाऱ्यांत पोमराइन जास्त. सैबेरियाच्या उत्तर टोकाला जन्मलेला पक्षी आपल्या बांगड्यांच्या समुद्रात थंडी काढतो, आणि आपण इकडं रंकाळ्यावर धोबी आला की थंडी आली म्हणतो, तोही उत्तरेकडूनच येतोय, फक्त एक खोल समुद्रावर राहतो म्हणून कुणाला दिसत नाही.

राजारामपुरीतून एक शिक्षिका : तुमचा लेख मी सहावीच्या वर्गात वाचून दाखवला. मुलं म्हणाली, "टीचर, हा पक्षी आळशी आहे, आयतं खातो." मला उत्तर देता आलं नाही. खरंच आयतं खाणं सोपं असतं का?

ताई, मुलांना सांगा की आयतं मिळत असतं तर सगळेच पक्षी तेच करत बसले असते. मला या पक्ष्याबद्दल सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

सुरय हा हवेतला कसरतपटू आहे. हलका, लांब टोकदार पंखांचा, क्षणात वळणारा. त्याला दमवून त्याच्या चोचीतला मासा सोडायला लावायचा म्हणजे त्याच्यापेक्षा चपळ व्हावं लागतं, तेही जास्त वजन घेऊन. आर्क्टिक स्कुआ बऱ्याचदा पाण्याला लागून खालून येतो, सुरयला तो उशिरा दिसतो. मग पाठलाग सुरू, सुरय वर जातो, हा वर, सुरय सूर मारतो, हा सूर मारतो, डावीकडं उजवीकडं, आणि प्रत्येक वळणावर स्कुआ त्याच्या शेपटीला चिकटलेला. बऱ्याच वेळा सुरय निसटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जमलंच तर मासा खाली पडतो आणि तो पाण्यात पडायच्या आत झेलायचा, नाहीतर कुरव, म्हणजे सीगल, टपलेलेच असतात. कधी दोन स्कुआ मिळून एकाच्या मागं लागतात, मग यश मिळायची शक्यता वाढते, पण घास मात्र एकच.

आणि कुणाच्या मागं लागायचं हेही त्याला कळावं लागतं. सुरय मासा चोचीत आडवा धरून नेतो, तो लांबून दिसतो. पफिन नावाचा रंगीत चोचीचा पक्षी आहे, तो तर एका वेळी चोचीत दहा-बारा लहान मासे मिशांसारखे लटकवून पिल्लांकडं निघतो, त्याच्याकडं माल आहे हे उघड दिसतं. किटिवेक हा छोटा कुरव मात्र मासे गिळून पोटात भरून नेतो, त्याच्याकडं काय आहे ते बाहेरून दिसत नाही, तरी स्कुआ त्याला एवढा सतावतो की तो सगळं ओकून टाकतो, आणि स्कुआ तेच झेलतो. पफिन एकदा कड्याजवळ पोचला की बिळात घुसतो, मग काही करता येत नाही, म्हणून गाठायचं ते त्याच्या आधी. हे सगळं हिशोबानं चालतं. भूक, अंतर, वारा, समोरच्याचं ओझं, सगळं बघून.

याच घराण्यातला ग्रेट स्कुआ तर याच्यावर कडी करतो. तो गॅनेट नावाच्या पक्ष्याच्या मागं लागतो. गॅनेट सुमारे तीन किलोचा आणि ग्रेट स्कुआ त्याच्या निम्मा, तरी हा जाऊन त्याच्या पंखाचं टोक चोचीत धरतो. पंख धरला की कसलं उडणं, गॅनेट गिरक्या खात पाण्यात कोसळतो आणि खाल्लेलं ओकेपर्यंत हा सोडत नाही.

अजून एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. स्कुआचे पाय बदकासारखे पडद्याचे आहेत, पोहायला, पण त्या पडद्याच्या बोटांना शिकारी पक्ष्यासारखी तीक्ष्ण नखं आहेत, आणि चोचीला पुढं आकडा आहे. कुरवांचा चुलत भाऊ, पण वळण ससाण्याचं. मादी नरापेक्षा मोठी असते, हेही ससाण्या-गरुडांसारखंच. जर्मन भाषेत शिकाऱ्याला येगर म्हणतात, तेच नाव अमेरिकेत या तीन लहान स्कुआंना मिळालंय.

शिवाजी विद्यापीठातली एक विद्यार्थिनी : मी वाचलं की याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ शेणाशी संबंधित आहे. एवढ्या देखण्या पक्ष्याला असं नाव कसं दिलं?

बरोबर वाचलंय. स्टर्कोरारियस म्हणजे विष्ठेचा. कारण साधं आहे, जुन्या काळच्या दर्यावर्दी लोकांनी लांबून बघितलं की हा पक्षी दुसऱ्याच्या मागं लागतो, समोरच्याच्या अंगातून काहीतरी खाली पडतं आणि हा ते खातो. त्यांना वाटलं ती विष्ठा. प्रत्यक्षात तो ओकलेला मासा. चूक कळली, पण नाव तोवर चिकटलेलं होतं. आर्क्टिक स्कुआला १७५८ साली लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं जातीचं नाव दिलं तेही पॅरासिटिकस, म्हणजे परजीवी. मला हे पटत नाही. परजीवी दुसऱ्याच्या अंगावर बसून राहतो, हा तर प्रत्येक घासासाठी जिवाच्या आकांतानं उडतो.

स्कुआ हा शब्द मात्र छान आहे, फेरो बेटांच्या भाषेतून आलाय. आणि पोमराइनचा अर्थ आहे झाकलेल्या नाकपुड्यांचा, त्याच्या चोचीच्या बुडाशी नाकपुड्यांवर पापुद्र्यासारखं आवरण असतं म्हणून.

कळंब्याहून एक शेतकरी : आमच्या शेतात कोतवाल साळुंकीच्या तोंडातला किडा पळवतो, आणि तलावावर घारी बगळ्यांच्या मागं लागतात. हे पण तसंच का?

काका, तुम्ही अगदी नेमकं पकडलंय. तसंच. फरक एवढाच की घार आणि कोतवाल जमलं तर करतात, आर्क्टिक स्कुआ विणीच्या काळात किनाऱ्यावर असला की बऱ्याच ठिकाणी त्याचं पोट प्रामुख्यानं यावरच चालतं. मी रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला बसून घारी बघत आलोय, ढोकरीनं मोठा मासा पकडला आणि तो तिला लगेच गिळता येत नाही असं दिसलं की घार खाली येतेच. लहान मासा असला तर ढुंकून बघत नाही. स्कुआचा हिशोब हाच, फक्त समुद्राच्या मापाचा.

कोतवालाचं एक सांगतो, तुम्हाला शेतात बघायला मजा येईल. आफ्रिकेत कालाहारीच्या वाळवंटात कोतवालाचा एक भाऊबंद आहे. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आणि मीरकॅट नावाच्या प्राण्यांच्या जवळपास राहतो, खराखुरा ससाणा आला की खरी आरोळी देतो, त्यामुळं सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसतो. मग कुणाला मोठा किडा मिळाला की हा खोटी आरोळी ठोकतो, सगळे पळतात, किडा मागं राहतो, हा खातो. तेच तेच ऐकून समोरचे फसेनासे झाले की हा आवाज बदलतो, दुसऱ्या पक्ष्याचा धोक्याचा आवाज काढतो. २०१४ साली यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं, दिवसभराच्या खाण्यातलं जवळजवळ पाव त्याला अशा फसवणुकीतून मिळतं. आपला कोतवालही बाकीच्या पक्ष्यांचे आवाज काढतो हे तुम्हाला माहीत असेलच. कधीतरी कान देऊन बघा, तो आवाज काढतो तेव्हा जवळ कोण काय खात असतं ते लिहून ठेवा आणि मला पाठवा.

मंगळवार पेठेतून सातवीतला एक मुलगा : स्कुआ समुद्रावरचा पक्षी आहे तर तो उंदीर का खातो? माझ्या पुस्तकात तसं दिलंय.

बाळा, छान प्रश्न. ते उंदीर म्हणजे लेमिंग, टुंड्रात बर्फाखाली बोगदे करून राहणारे गुबगुबीत प्राणी. पोमराइन स्कुआ वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतो आणि जमिनीवर फक्त उन्हाळ्यात, वीण करायला जातो. तिथं मासे चोरायला सुरयांची गर्दी नसते, मग तो चक्क शिकारी बनतो, लेमिंग उकरून काढतो. आणि लेमिंगचं असं असतं की साधारण तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या प्रचंड वाढते आणि मग एकदम पडते. लेमिंग भरपूर असले की पोमराइन दोन अंडी घालून पिल्लं वाढवतो, लेमिंग नसले की त्या वर्षी तिथं बरेच जण घरटंच करत नाहीत, भटकत राहतात. म्हणजे आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रात कोवळ्या वयाचे किती स्कुआ येणार हे तिकडं सैबेरियातल्या एका उंदराएवढ्या प्राण्यावर ठरतं. वहीत लिहून ठेव हे.

आर्क्टिक स्कुआ टुंड्रात असला की तोही लहान पक्षी, अंडी, किडे, बेरी असं मिळेल ते खातो. आणि घरट्याजवळ कुणी आलं तर? नर-मादी दोघंही वरून सूर मारून येतात, डोक्यावर सरळ आपटतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर लोक स्कुआंच्या माळरानावरून जाताना काठी डोक्याच्या वर उभी धरून चालतात, कारण पक्षी सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. कधी कधी उलटं करतो, पंख मोडल्याचं नाटक करत फरफटत लांब जातो, म्हणजे कोल्हा त्याच्या मागं जावा आणि अंडी वाचावीत. आपली टिटवी माळावर हेच करते, बघितलं असशील.

ताराबाई पार्कातून एक वाचक : इतका चलाख पक्षी म्हणजे याला काही धोका नसणार. की याचेही दिवस वाईट आलेत?

वाईट आलेत, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड बेटं आहेत, तिथं आर्क्टिक स्कुआ वीण करतात आणि थंडीत दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा लांबच्या समुद्रांवर जातात, शेटलंडहून आफ्रिकेच्या टोकापर्यंत सरळ रेषेतच दहा हजार किलोमीटरच्या पुढं. या बेटांवरचे आर्क्टिक स्कुआ गेल्या काही दशकांत निम्म्याहून जास्त कमी झालेत. आणि कारण स्कुआत नाही, माशात आहे. तिथं सॅण्डईल नावाचा बोटाएवढा, वाळूत राहणारा मासा आहे, सुरय, पफिन, किटिवेक सगळे त्याच्यावर जगतात. १९८० च्या दशकात शेटलंडभोवती हा मासा कमी झाला तेव्हा सुरयांची पिल्लं घरट्यातच उपाशी मेली, वर्षामागून वर्ष. समुद्र तापत चाललाय तसं सॅण्डईलचं खाणं असलेले सूक्ष्म जीव बदलत चाललेत, त्यात माणसांनी हा मासा कारखान्यांसाठी टनावारी उपसला.

आता बघा, सुरयच्या चोचीत मासाच नसेल तर स्कुआ काय हिसकावणार? पहिलं उपाशी कोण राहतं? स्वतः बुडी मारून मासा आणायची सोय स्कुआकडं नाही, किनाऱ्यावर वीण करताना तो मुख्यतः दुसऱ्यांच्या भरलेल्या चोचीवर अवलंबून. त्यात ग्रेट स्कुआलाही मासे मिळेनात, म्हणून तो आर्क्टिक स्कुआची पिल्लं उचलायला लागला. चोर म्हणून आपण ज्याला हिणवतो तो खरं तर त्या समुद्राच्या भरभराटीवर जगणारा शेवटचा वाटेकरी आहे, खालचं आटलं की सगळ्यात आधी त्याचं ताट रिकामं होतं.

चांगली बातमी पण सांगतो. २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात आणि इंग्लंडच्या उत्तर समुद्रातल्या हद्दीत सॅण्डईलची मासेमारी बंद केली. याचा परिणाम दिसायला वेळ लागेल, पण निर्णय झाला ही मोठी गोष्ट.

ग्रेट स्कुआचं मात्र वेगळंच संकट, बर्ड फ्लू. २०२१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या बेटांवर मेलेले ग्रेट स्कुआ सापडायला लागले, २०२२ मध्ये तर साथ भडकली. जगातले निम्म्याहून जास्त ग्रेट स्कुआ स्कॉटलंडमध्ये वीण करायचे, आणि साथीनंतर मोजणी झाली तेव्हा तिथले तीन चतुर्थांशाच्या आसपास पक्षी नाहीसे झाले होते. हा पक्षी दोनच अंडी घालतो, पहिली वीण करायला त्याला बरीच वर्षं लागतात, एवढी घट भरून निघायला आपली हयात जाईल.

गगनबावड्याहून एक वाचक : पावसाळ्यात आमच्याकडं कधी कधी अनोळखी मोठे पक्षी दमून पडलेले सापडतात. तो स्कुआ असू शकतो का? आणि सापडला तर काय करायचं?

असू शकतो, पण पावसाळ्यात जास्त शक्यता दुसऱ्यांची. नैऋत्य मोसमी वारा जोरात असला की खोल समुद्रावरचे पक्षी किनाऱ्याकडं आणि कधी कधी घाट चढून आत ढकलले जातात, बूबी (वर सांगितलेल्या गॅनेटचा भाऊबंद), फ्रिगेटबर्ड, सुरय असे. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, म्हणून समुद्रावर ते आपल्याला दिसत नाहीत, दिसतात ते असे जमिनीवर पडलेले. फ्रिगेटबर्ड हा पण लुटारूच आहे, उष्ण समुद्रांचा, काळा, कात्रीसारखी शेपटी, पंख उघडले तर दोन मीटरच्या आसपास. त्याच्या पिसांना पाण्यापासून पुरेसं संरक्षण नाही म्हणून तो पाण्यावर बसत नाही, बूबीला सतावून मासे ओकायला लावतो. आकाशातच सगळं आयुष्य काढणारा पक्षी तुमच्या अंगणात फणसाखाली बसलेला दिसला तर समजा की तो अगदी संपलाय.

अशा वेळी लोक प्रेमानं जे करतात त्यानंच पक्षी मरतो, म्हणून नीट वाचा. त्याला उचलून तळ्यात किंवा नदीत सोडू नका. तो समुद्री पक्षी आहे म्हणून पाण्यात बरा होईल असं वाटतं, पण भिजून थंडी लागून बुडतो. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध, भात, पोळी काही नको. हातात ग्लोव्ह्ज घाला, तोंडाला रुमाल बांधा, बर्ड फ्लूचं वर सांगितलंच आहे. वरून जुना टॉवेल टाका, डोळे झाकले की पक्षी शांत होतो, चोचीपासून तोंड लांब ठेवा कारण हे पक्षी डोळ्याकडं चोच मारतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, खोकं अंधाऱ्या, कोरड्या, शांत खोलीत, पोरं-कुत्री-मोबाईल सगळं लांब. आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं हे पक्षी घरात ठेवता येत नाहीत, पण त्याहीपेक्षा त्यांना काय द्यायचं हे आपल्याला कळत नाही, ते जाणणाऱ्या माणसाच्या हातात लवकर जाणं हेच त्यांचं औषध. पायात कडी असेल तर तिच्यावरचा नंबर आणि अक्षरं लिहून घ्या, फोटो काढा, कडी काढू नका. मेलेला सापडला तरी कळवा, हात न लावता.

पुन्हा शाहूपुरीचे वाचक, याच पत्राच्या मागच्या पानावर : पुढच्या एप्रिलला पुतण्याला घेऊन परत जायचंय. काय न्यायचं, कुठं बघायचं?

दुर्बीण न्या, पण आठ पटीची, दहा पटीची नको, बोट हलते आणि मोठ्या दुर्बिणीत चित्र नुसतं नाचतं. लाइफ जॅकेट पुतण्याला पहिल्या मिनिटापासून. पोट फार भरून जाऊ नका, पण रिकाम्या पोटीही नको. तांडेलाला आधी विचारून ठेवा की जाळं ओढताना थोडं थांबता येईल का, कारण ट्रॉलरनं जाळं वर काढलं आणि बारीक मासळी पाण्यात टाकली की सुरय आणि कुरव जमतात, आणि ते जमले की पोमराइन मागोमाग येतो.

आणि स्कुआला शोधू नका. तो गडद रंगाचा, पाण्याला लागून, लांबून कावळ्यासारखा दिसतो, नजर सटकते. सुरयांवर लक्ष ठेवा. दहा-वीस सुरय निवांत मासे मारतायत आणि अचानक एकजण वाकडातिकडा उडायला लागला, ओरडायला लागला, की त्याच्या मागं बघा. पुतण्याला घड्याळ बघून वेळ लिहायला सांगा, पाठलाग किती सेकंद चालला, मासा सुटला की वाचला, एकटा स्कुआ होता की दोन. किनाऱ्यापासून किती लांब होतात ते तांडेल सांगेल. फोटो ब्लर आला तरी पाठवा, शेपटी दिसली तरी पुष्कळ.